परदेशातून रोपे-बियाणे आणताना क्रम चुकवू नका: अनुसूचीपासून विलगीकरण शेडपर्यंत

परदेशी रोपांचे खोके विमानतळावर अडकते, तेव्हा दोष बहुतेक वेळा रोपांत नसतो, कामाच्या क्रमात असतो. आधी पुरवठादार गाठला, दर ठरला, आगाऊ रक्कम पाठवली, रोपे निघाली आणि मग क्लिअरिंग एजंटने विचारले, "परवाना काढलाय ना?" माल निघाल्यावर काढलेल्या परवान्याने ही चूक भरून निघत नाही. जिवंत रोप बंद खोक्यात कागदांची वाट पाहत आठवडाभर तगतही नाही.

हा लेख लागवडीसाठी रोपे, कलमे, कंद किंवा बियाणे आणणारे नर्सरीचालक, शेतकरी गट आणि लहान बियाणे कंपन्यांसाठी आहे. खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी येणाऱ्या मालाचे नियम वेगळे आहेत. त्यांचा उल्लेख गल्लत होते तेवढ्यापुरताच येईल.

सगळ्या प्रक्रियेचा आधार म्हणजे २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश. १९१४ च्या विनाशकारी कीड-रोगविषयक कायद्याखाली तो निघाला आहे आणि फरिदाबादला मुख्यालय असलेले केंद्रीय वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवण संचालनालय तो राबवते. त्यात सतत दुरुस्त्या होतात. म्हणून कुणी तीन वर्षांपूर्वी दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि काम सुरू करण्याच्या दिवशी संचालनालयाच्या संकेतस्थळावरचा दुरुस्त्यांसह मजकूर उतरवून घ्या.

टप्पा १: नेमके काय आणायचे ते चार शब्दांत लिहा

कागदावर चार गोष्टी हव्यात: शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, उद्देश आणि उगमाचा देश. यातली एकही गोष्ट बदलली की नियम बदलतो.

शास्त्रीय नाव. व्यवहारातल्या नावावर अर्ज करू नका. इंग्रजीतला 'पेपर' म्हणजे मिरी की ढोबळी मिरची? एक पायपर नायग्रम, दुसरी कॅप्सिकम ॲन्युअम. दोघींचे कूळ वेगळे, रोग वेगळे, अटीही वेगळ्या.

बदललेली नावे तर याहून जास्त घोळ घालतात. ड्रॅगन फ्रूट पूर्वी हायलोसेरियस वंशात होते, आता बरेच तज्ज्ञ ते सेलेनिसेरियस वंशात धरतात. टोमॅटोचे जुने नाव लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम, नवे सोलॅनम लायकोपर्सिकम. अनुसूचीत (आदेशाला जोडलेल्या यादीत) एक नाव, परवान्यावर दुसरे आणि परदेशी प्रमाणपत्रावर तिसरेच आले, तर तपासणी अधिकाऱ्यापुढे कागदोपत्री तीन वेगळ्या वनस्पती उभ्या राहतात. उपाय सोपा आहे. भारताच्या अनुसूचीत जे नाव छापले आहे तेच सगळीकडे वापरा आणि गरज पडली तर पर्यायी नाव त्याला जोडून लिहा.

भाग. बी, मुळासकट रोप, बिनमुळांची फाटी, डोळकाडी, कंद, टिश्यू कल्चरची बाटली या सगळ्यांसाठी एकच नोंद नसते. एखाद्या झाडाच्या बियांना परवानगी असेल आणि त्याच झाडाच्या कलमांची नोंदच नसेल, असे नेहमी होते. कारण उघड आहे. बी बरेच रोग मागे ठेवून येते. फाटीसोबत मात्र झाडाच्या अंगातले विषाणू आणि जिवाणू जसेच्या तसे येतात, आणि मुळांसोबत सूत्रकृमीही येतात.

उगमाचा देश. इथे फार जण फसतात. डच कंपनी म्हणजे डच रोप असे नाही. युरोपातल्या कंपन्या फुलझाडांच्या फाट्या बहुधा पूर्व आफ्रिकेतल्या शेतांवर वाढवतात आणि बिल मात्र युरोपातून फाडतात. नियम पाहतो तो रोप कुठे वाढले ते. पुरवठादाराला पहिल्याच पत्रात लेखी विचारा: रोप कोणत्या देशात, कोणत्या केंद्रावर वाढले आणि शेवटची पॅकिंग कुठे होणार?

तपासा: या चार नोंदी एका ओळीत लिहिता येत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: अनुसूचीत आपली नोंद शोधा

आदेशाला अनेक अनुसूची जोडलेल्या आहेत. आपल्या कामाच्या चार.

चौथ्या अनुसूचीत बंदी आहे: अमुक वनस्पती, अमुक देशांतून नाही. उदाहरणार्थ, रबराच्या दक्षिण अमेरिकी पानकरप्यासारखे रोग जिथे आहेत, तिथून ते पीक आणणे बंद. इथे नोंद सापडली की विषय संपला. देश बदलून नव्याने शोध घ्या.

पाचव्या अनुसूचीत निर्बंध असलेली पिके आहेत: पूर्ण बंदी नाही, पण खुली परवानगीही नाही. बटाटा, ऊस, नारळ यांसारख्या पिकांना त्या त्या अधिकृत संशोधन संस्थेची शिफारस लागते. व्यापारी नर्सरीने पहिल्या आयातीसाठी यांच्या वाटेला न गेलेलेच बरे.

सहाव्या अनुसूचीत बहुतेकांचे काम असते. यात वनस्पती, भाग, देश, जादा घोषणा आणि खास अटी अशा रकान्यांत माहिती असते. जादा घोषणा म्हणजे निर्यातदार देशाच्या सरकारी यंत्रणेने 'हा माल अमुक अमुक किडी-रोगांपासून मुक्त आहे' असे प्रमाणपत्रावर लिहून द्यायचे. खास अटींत धुरीकरण, बीजप्रक्रिया आणि आयातीनंतरचे विलगीकरण येते.

सातव्या अनुसूचीतला माल परदेशी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि इथली तपासणी यांच्या आधारावर येऊ शकतो. पण तिथला माल मुख्यत्वे खाण्याचा किंवा प्रक्रियेचा आहे. 'अमुक धान्य सातव्यात आहे, मग परवाना कशाला?' म्हणत तेच धान्य पेरणीसाठी आणणे हा उद्देश बदलून केलेला भंग आहे. खाण्यासाठी म्हणून आलेले दाणे पेरू नका. त्या मालाची रोगतपासणी पेरणीच्या कसोटीवर झालेली नसते.

नोंद कुठेच सापडली नाही तर? 'बंदी नाही म्हणजे परवानगी आहे' असा अर्थ लावू नका. अनुसूचीत नसलेल्या वनस्पतीसाठी आधी कीड-जोखीम विश्लेषण व्हावे लागते. त्यासाठी निर्यातदार देशाकडून त्या पिकावरच्या किडी-रोगांची तांत्रिक माहिती यावी लागते. हे काम लांबते. ज्यांना याच हंगामात लागवड करायची आहे त्यांनी नोंद असलेला देश किंवा नोंद असलेला भाग शोधावा. मुळासकट रोपाऐवजी टिश्यू कल्चर किंवा बी चालते का, हे आधी पाहा.

थांबा: सहाव्या अनुसूचीतली तुमची ओळ शब्दन् शब्द उतरवून वेगळ्या पानावर ठेवा. कीड-रोगांची शास्त्रीय नावे स्पेलिंगसकट हवीत. पुढे दोन ठिकाणी हेच पान लागेल.

टप्पा ३: क्वारंटाइनबाहेरच्या परवानग्या

क्वारंटाइनचा परवाना मिळाला म्हणजे आयातीची सगळी दारे उघडली असे नाही. आयात-निर्यात कोड हवा. आपल्या मालाच्या एचएस कोडवर (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) विदेश व्यापार महासंचालनालयाचे धोरण 'मुक्त' आहे की 'निर्बंधित', ते पाहा. या कोडच्या यादीत जिवंत झाडे सहाव्या प्रकरणात येतात, पेरणीचे बियाणे मुख्यतः १२०९ मध्ये. बियाणे आणि लागवड साहित्याच्या काही प्रकारांना केंद्रीय कृषी खात्याच्या आयात-निर्यात समितीची शिफारस लागते.

सगळी ऑर्किडे आणि बहुतेक निवडुंग 'साइट्स' या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. त्यांना त्याची वेगळी कागदपत्रे लागू शकतात. जनुकीय बदल केलेले वाण असेल तर जीईएसी या केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या मंजुरीशिवाय पाऊल टाकू नका. संशोधनासाठी जननद्रव्य आणायचे असेल तर परवाना दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून निघतो. तो मार्ग संस्थांसाठी आहे. 'चाचणीसाठी थोडेसे' असे सांगून व्यापारी माल तिथून आणता येत नाही.

टप्पा ४: शेड आधी, रोपे नंतर

हा टप्पा लोक सर्वात शेवटी ठेवतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. अटीत 'आयातीनंतर विलगीकरण' असेल, तर रोपे थेट शेतात जात नाहीत. आयातदाराने स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या आणि तपासणी प्राधिकाऱ्याने मंजूर केलेल्या जागेत ती ठरलेल्या मुदतीपर्यंत वाढवायची असतात. या कामासाठी प्राधिकारी म्हणून कृषी विद्यापीठांच्या वनस्पती रोगशास्त्र विभागप्रमुखांना नेमलेले असते. आपला जिल्हा कुणाकडे येतो ते आदेशाच्या संबंधित अनुसूचीत पाहा आणि परवान्याच्या अर्जाआधीच त्यांच्याकडे जागेच्या मंजुरीसाठी अर्ज करा.

इतकी काळजी का घ्यायची? आरोग्य प्रमाणपत्र देणारा अधिकारी रोप डोळ्याने पाहतो, काही नमुने तपासतो. पण कित्येक रोग सुप्त असतात. द्राक्षातला पिअर्स रोग घडवणारा जिवाणू फाटीत असूनही महिनोन्महिने पानावर काही दिसत नाही. विषाणूचेही तसेच, झाड नवी पालवी काढते तेव्हा पानांवर ठिपके उमटतात. विलगीकरण म्हणजे हा सुप्त काळ बंदिस्त जागेत उलटू देणे. टोमॅटोवरची दक्षिण अमेरिकी नागअळी २०१४ साली महाराष्ट्रात सापडली, त्यानंतर तिच्यापासून सुटका झालेली नाही. एकदा शेतात सुटलेली कीड परत पकडता येत नाही, म्हणून शेडची जाळी आधी नीट बसवा.

व्यवहारात चांगली चालणारी रचना अशी:

- जागा त्याच पिकाच्या आणि त्याच कुळातल्या पिकांच्या शेतापासून जितकी दूर ठेवता येईल तितकी. गुलाबाची रोपे आणून शेड गुलाबाच्या पॉलीहाऊसला चिकटून उभारू नका.
- चारही बाजूंना आणि वर ४० ते ५० मेशची (एका इंचात तेवढी छिद्रे) कीडरोधक जाळी. साधी सावलीची शेडनेट इथे चालत नाही; पांढरी माशी तिच्यातून सहज जाते. फुलकिडे हा मुख्य धोका असेल तर याहून बारीक जाळी घ्या आणि हवा कमी खेळेल हे धरून छत उंच ठेवा.
- दोन दारे, मध्ये माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही.
- आत शिरताना पाय बुडवण्याचा उथळ हौद. त्यातले जंतुनाशक चिखल मिसळला की निकामी होते, म्हणून रोज बदला.
- रोपे जमिनीवर न ठेवता बाकांवर, जमिनीवर वीड मॅट (तण रोखणारे कापड) किंवा काँक्रीट. बाहेरच्या शेतातले पाणी आत येऊ नये आणि आतले वाहून बाहेर जाऊ नये.
- वेगळी कात्री, वेगळी झारी, वेगळे ॲप्रन. ही अवजारे शेडबाहेर जात नाहीत.

तपासा: जाळीचे शिवण, दाराखालची फट आणि पाइप आत येतो ती जागा. मंजुरीसाठी पाहणी होते तेव्हा बहुतेक त्रुटी याच तीन ठिकाणी निघतात.

एक सवलत लक्षात ठेवा. विषाणूमुक्त असल्याचे आवश्यक चाचण्यांसह प्रमाणित झालेले टिश्यू कल्चर साहित्य, ते प्रमाणपत्र मालासोबत आले तर, आयातीनंतरच्या विलगीकरणातून सुटते. केवळ 'टिश्यू कल्चर' एवढे लिहिलेले लेबल पुरेसे नाही. लॅबमध्ये कुंडीत रुजवून कणखर केलेले रोपही आता टिश्यू कल्चर साहित्य उरत नाही. ते रोपच झाले. पहिल्यांदा आयात करणाऱ्या लहान नर्सरीला आम्ही सीलबंद बाटलीतलेच साहित्य सुचवू. माती नाही, कीड नाही, वजन कमी.

टप्पा ५: परवान्याचा अर्ज

लागवडीच्या बियाण्या-रोपांसाठी पीक्यू ०२ हा अर्ज, खाण्याच्या किंवा प्रक्रियेच्या मालासाठी पीक्यू ०१. चुकीचा फॉर्म भरला तर पुन्हा पहिल्यापासून. अर्ज संचालनालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर होतो. भरताना या जागा दोनदा वाचा:

निर्यातदाराचे नाव आणि पत्ता: बिलावर जसे येणार तसेच. कंपनीची शाखा बदलली तरी अडचण येते.

प्रवेशाचे ठिकाण: लागवडीचे साहित्य कोणत्याही बंदरातून येत नाही, आदेशात ठरवून दिलेल्या क्वारंटाइन केंद्रांच्या ठिकाणीच उतरते. मुंबई आपल्या सोयीची आहे, पण विमान कंपनी माल दुसऱ्या शहरात उतरवून ट्रकने आणणार असेल तर आधीच थांबवा. मार्ग बुक करण्याआधी परवान्यावरचे ठिकाण एजंटला लेखी कळवा.

प्रमाण: नगांत की किलोत, ते बिलाशी जुळते ठेवा. पुरवठादार बदली रोपे म्हणून ५ टक्के जास्त टाकत असेल तर तेही धरून मागा. परवान्यापेक्षा जास्त आलेला माल 'फुकट दिलाय' म्हणून सुटत नाही.

परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शेजारच्या नर्सरीच्या परवान्यावर आपली शंभर रोपे 'टाकून' आणणे म्हणजे दोघांनीही अडकणे. परवान्यावर वैधतेची तारीख असते. माल या तारखेच्या आत पोहोचेल असा हिशोब करा.

हंगामाची उलटी मोजणी इथेच करा. महाबळेश्वर भागात येणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या मातृरोपांचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्यांपासून धावत्या फांद्यांची रोपे तयार झाली तरच सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड साधते. विलगीकरणाची मुदत, त्याआधी परवाना, त्याआधी शेडची मंजुरी असे मागे मोजत गेले की काम आदल्या हिवाळ्यातच सुरू करावे लागते हे कळते.

टप्पा ६: 'फायटो'चा मसुदा माल निघण्याआधी पाहा

द्राक्ष निर्यातदार ज्याला नुसते 'फायटो' म्हणतात तेच हे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, फक्त इथे ते समोरच्या देशाच्या सरकारी यंत्रणेने आपल्यासाठी द्यायचे असते. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल किंवा कंपनीचे 'रोगमुक्त' पत्र त्याची जागा घेत नाही.

परवाना हातात आला की त्याची प्रत आणि टप्पा २ मधले ते पान पुरवठादाराला पाठवा. परवान्यासोबत टॅग मिळाले असतील तर तेही प्रत्येक खोक्यावर बाहेरून लावायला द्या. मग प्रमाणपत्राचा मसुदा मागवा आणि या क्रमाने वाचा:

१. शास्त्रीय नाव परवान्याशी जुळते का?
२. उगमाचा देश भरला आहे का? माल तिसऱ्या देशातून फिरून येत असेल तर पुनर्निर्यातीचे प्रमाणपत्र आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्राची प्रत, दोन्ही हवीत.
३. जादा घोषणेत अनुसूचीतली प्रत्येक कीड आणि प्रत्येक रोग आहे का? सात नावे सांगितली असताना सहाच लिहिली तर ती घोषणा अपुरी. 'सर्व हानिकारक किडींपासून मुक्त' हे मोघम वाक्य चालत नाही.
४. प्रक्रिया सांगितली असेल तर रसायन, मात्रा, तापमान, कालावधी आणि तारीख या सगळ्या जागा भरल्या आहेत का?
५. खोक्यांची संख्या, वजन आणि खुणा पॅकिंग लिस्टशी जुळतात का?
६. खाडाखोड आहे का? असेल तर नवे प्रमाणपत्र मागा.

माल निघून गेल्यावर दिलेले प्रमाणपत्र संशयास्पद ठरते. म्हणून मसुद्याला तुमचा होकार येईपर्यंत माल उचलू नका, असे खरेदी करारातच लिहा. पैशांचा मोठा हप्ताही याच होकाराला बांधा. समोरच्या देशातल्या निरीक्षकाला भारताच्या अटी पाठ नसतात. त्याला तुमचा परवाना दिसला तरच तो त्या किडींसाठी शेत पाहील. काही घोषणा वाढीच्या हंगामातल्या पाहणीवर आधारित असतात. रोपे सुप्तावस्थेत काढून शीतगृहात ठेवल्यावर ती पाहणी मागे जाऊन करता येत नाही, आणि मग पुढच्या वर्षाशिवाय मार्ग उरत नाही.

टप्पा ७: पॅकिंग

मातीचा कणही नको. मुळे धुऊन घ्यायला सांगा. माती, वाळू, कंपोस्ट, झाडांचा पालापाचोळा यांसह आलेला माल अडतो. मातीच्या एका ढेकळात सूत्रकृमी, बुरशीचे बीजाणू आणि तणांचे बी एकत्र येते आणि ते तिथल्या तिथे तपासून काढणे कुणालाच शक्य नसते. मुळांभोवती ओलावा धरायला काय वापरायचे हे परवान्यातल्या अटींप्रमाणे ठरवा. पुरवठादाराच्या सवयीवर सोडू नका.

गवत, पेंढा यांसारखे वनस्पतिजन्य पॅकिंग बंद आहे. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा: गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचा कोड. 'एचटी' म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचे धुरीकरण. रोपे निर्दोष असूनही बिनशिक्क्याच्या पॅलेटपायी अडकलेला माल पाहून वाईट वाटते. म्हणून पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिकचे पॅलेट घ्या, प्रश्नच मिटतो.

तपासा: पॅक केलेल्या खोक्याचे, मुळांचे आणि पॅलेटच्या शिक्क्याचे फोटो विमानात चढण्याआधी मागवा.

टप्पा ८: माल उतरल्यावर

रोपे सोमवारी किंवा मंगळवारी पोहोचतील असे विमान निवडा. शुक्रवारी रात्री उतरलेला माल शनिवार-रविवार गोदामात तापतो. सणासुदीच्या सुट्ट्याही कॅलेंडरवर पाहा.

आगमनानंतर क्वारंटाइन केंद्रात नोंदणी, शुल्क आणि कागद: परवाना, मूळ आरोग्य प्रमाणपत्र, बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरलेला आयात तपशील), इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअर वे बिल आणि लागू असेल तर विलगीकरण जागेच्या मंजुरीची प्रत व हमीपत्र. माल तपासणीच्या जागी नेणे, खोकी उघडणे, पुन्हा बांधणे, चढवणे-उतरवणे ही सगळी जबाबदारी आणि खर्च आयातदाराचा. एजंटसोबत खोकी उघडायला माणूस, टेप आणि नवी खोकी तयार ठेवा.

अधिकारी काय पाहतात? पानाची खालची बाजू, कोंब, मुळांवरच्या गाठी, खवले किडींची बारीक टरफले, बियाण्यात मिसळलेले तणांचे दाणे. बियाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. टिपकागदावरची बुरशीची चाचणीच सुमारे आठवडाभर घेते, कारण बी ओलसर ठेवून बुरशी वाढू द्यावी लागते. हा वेळ 'ओळखीने' कमी होत नाही. तो आधीच नियोजनात धरा.

दोष सापडला तर तीन शक्यता. प्रक्रिया करून सोडणे, परत पाठवणे किंवा नष्ट करणे, सगळे आयातदाराच्या खर्चाने. मिथाइल ब्रोमाइडचे धुरीकरण बियाण्याला अनेकदा सोसते, पण पानांची कोवळी रोपे आणि मुळे त्याने भाजू शकतात. म्हणून 'काही निघालेच तर इथे धूर देऊ' या भरवशावर रोपे मागवू नका. स्वच्छता पुरवठादाराच्या शेतावरच व्हायला हवी.

थांबा: प्रवासी सामानातून, कुरिअरने किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून पाकिटातून येणाऱ्या बियांनाही हेच नियम आहेत. न मागवता आलेले बियांचे पाकीट पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका. बंदच ठेवून कृषी विभागाला किंवा जवळच्या क्वारंटाइन केंद्राला कळवा.

टप्पा ९: विलगीकरणातले दिवस

केंद्रातून सुटका म्हणजे काम संपले असे वाटून रोपे वाटली जातात. ही सर्वात महाग पडणारी चूक. विलगीकरणाच्या अटीवर आलेली रोपे प्राधिकाऱ्याच्या अंतिम मंजुरीपर्यंत विकता येत नाहीत, हलवता येत नाहीत, त्यांच्या फाट्या काढून वाढवताही येत नाहीत.

माल थेट शेडमध्ये न्या, वाटेत नर्सरीत उतरवू नका. खोकी आतच उघडा. पॅकिंगचा सगळा कचरा तिथेच गोळा करून जाळा. पोहोचल्याची खबर त्याच दिवशी प्राधिकाऱ्याला द्या.

प्रत्येक रोपाला क्रमांक. वहीत रोज लिहा: जिवंत किती, मेलेली किती, काय दिसले, कोण आत गेले. मोजणी जुळायलाच हवी. हजार आली, तीस मेली, तर उरलेली नऊशे सत्तर शेडमध्ये दिसली पाहिजेत. मेलेले रोप उपटून बाहेर फेकू नका. ते पिशवीत बंद करून क्रमांकासह ठेवा, कारण मरण्याचे कारण तपासणे हाच विलगीकरणाचा उद्देश आहे.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा आणि रोप वाढेल तसे वर सरकवा. आठवड्यातून दोनदा भिंगाने पानांची खालची बाजू पाहा. छाटताना दर रोपानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

फवारणीचा मोह आवरा. रोपे स्वच्छ दिसावीत म्हणून आठवड्याला कीटकनाशक-बुरशीनाशक मारले की लक्षणे दबतात आणि आजारी रोप निर्दोष ठरून शेतात जाते. फवारणी करायचीच असेल तर प्राधिकाऱ्याला विचारून, आणि वहीत नोंदवून.

काही संशयास्पद दिसले तर: रोप हलवू नका, शेडमध्ये ये-जा थांबवा, फोटो काढा, त्याच दिवशी कळवा. 'आधी बघू बरे होते का' म्हणत घालवलेल्या आठ दिवसांत पंख फुटलेली पिढी जाळीतून बाहेर पडते. काही रोपे नष्ट करावी लागली तर वाईट वाटेल, पण उरलेला माल वाचण्याची शक्यता याच वेगावर असते.

मुदत संपल्यावर अंतिम पाहणी होते आणि सुटकेचे प्रमाणपत्र मिळते. ते लेखी हातात येईपर्यंत एकही रोप दाराबाहेर काढू नका. त्यानंतर परवाना, फायटो, वही आणि सुटकेचे प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. पहिल्या ग्राहकांची यादी क्रमांकांसह त्याच फाइलमध्ये लावा. शेतात उशिरा एखादे लक्षण उमटले तर कोणते रोप कुठे गेले ते त्या यादीवरून दहा मिनिटांत शोधता येते.